साठीनंतरची पहिली ई-सायकल: मोटरच्या आधी काय पाहायचं

ई-सायकलच्या दुकानात शिरलं की बोलणं लगेच रेंजवर येतं. एका चार्जमध्ये चाळीस जाते की साठ, मोटर किती वॉटची, थ्रॉटल (पेडल न मारता सायकल पळवायचं बटण किंवा मूठ) आहे का. पंचविशीतल्या गिऱ्हाइकाला हे प्रश्न पुरतात. वय साठीच्या पुढे गेलं असेल, गुडघे कुरकुरत असतील, वजन वाढलं असेल किंवा सायकल शेवटची कॉलेजात असताना चालवली असेल, तर पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. थांबल्यावर पाय जमिनीला नीट टेकतो का आणि उतरताना कुणाचा किंवा कशाचा आधार शोधावा लागतो का?

मोटर चढ चढवून देते. सिग्नलला, स्पीडब्रेकरवर, सोसायटीच्या गेटात तोल मात्र तुम्हालाच सांभाळायचा असतो, आणि तोही वीस-पंचवीस किलोच्या सायकलसकट. नेदरलँड्समध्ये सत्तरी ओलांडलेली माणसंही सर्रास ई-सायकल वापरतात. तिथेसुद्धा वयस्कर लोक पडतात ते बऱ्याचदा सायकलवर चढताना किंवा उतरताना. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये मोटर आणि बॅटरी जरा उशिराच येतील.

लेख पेडल मारायच्या ई-सायकलबद्दल आहे, इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल नाही. उदाहरणं पुण्याकडची आहेत, पण चढ, पाऊस आणि खड्डे आपल्याकडे सगळीकडेच आहेत.

१. दुकानाआधी डॉक्टर

डॉक्टरांना "सायकल चालवू का?" एवढंच विचारलं तर "चालवा की, चांगलंच आहे" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा. चालताना छातीत दडपण येत असेल, अलीकडे अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल, उठून उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर ते आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या पडण्यातही डोक्याला लागलेला मार महागात पडू शकतो. हेल्मेट घालायला तेवढं एक कारण पुरेसं आहे. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल तर सायकल जमिनीला किती जवळ हवी, याचा निर्णय तिथेच लागतो.

मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची आणि उपाशीपोटी निघायचं नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढतच नाही. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातले ठोके पाहून श्रमाचा अंदाज चुकतो. त्यापेक्षा सोपी कसोटी म्हणजे बोलणं. चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. श्रम एवढेच हवेत.

"मोटर असल्यावर कसला आलाय व्यायाम?" असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. पेडल मारत राहिलात तर तो मध्यम श्रमाचा व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सुचवते आणि ज्येष्ठांनाही तोच आकडा लागू आहे. मंडईत जाऊन यायला अर्धा तास लागत असेल तर आठवड्यातून पाच फेऱ्यांत तो भरतो.

२. तुमचा रस्ता, तुमचं घर

एका कागदावर रोजची ठिकाणं लिहून काढा: बँक, भाजी, मुलीचं घर, बाग, देऊळ. समोर अंतर लिहा आणि वाटेत चढ कुठे आहे तेही. बहुतेकांच्या यादीत सगळ्यात लांबचं ठिकाण आठ-दहा किलोमीटरच्या आतच निघतं. साठ किलोमीटर रेंजच्या जाहिरातीचा मोह तिथेच निम्मा उतरतो.

चढाचं गणित मात्र समजून घ्यावं, कारण मोटरचा खरा उपयोग तिथेच आहे. तुम्ही ७५ किलोचे, सायकल २४ किलोची, पिशवीत थोडं सामान, म्हणजे शंभर किलो धरू. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १० किलोमीटर वेगाने जायचं तर साधारण १६० वॉट शक्ती लागते. सवय नसलेला साठी-पासष्टीतला माणूस दम न लागता पन्नास-साठ वॉट देऊ शकतो. उरलेले शंभर मोटरने द्यायचे, आणि २५० वॉटची मोटर ते आरामात देते. कात्रजकडे, धनकवडी-बिबवेवाडीकडे किंवा चांदणी चौकाच्या बाजूला राहणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. पणजीत आल्तिन्होच्या टेकडीवर राहणाऱ्यांनाही.

चढ शंभराला दहा झाला की तोच वेग ठेवायला जवळजवळ तीनशे वॉट लागतात. आता मोटर आणि तुम्ही मिळूनही जेमतेम पुरता. त्यातून वेग पडला की चाकात बसवलेली मोटर नुसतीच तापते आणि जोर कमी देते. असा चढ रोजच्या वाटेवर कुठे असतो? बहुतेकदा तुमच्याच इमारतीच्या बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पवर. घाटरस्त्यांपेक्षा हे रॅम्प तीव्र असतात, वर पावसाळ्यात फरशी ओली. तिथे सायकलवर बसून जायचंच नाही, उतरून हातात धरून न्यायची. त्यासाठी 'वॉक मोड' असलेली सायकल मिळाली तर उत्तम. बटण दाबून धरलं की मोटर माणसाच्या चालीने सायकल पुढे नेते आणि तुम्ही नुसतं बाजूने चालायचं.

मग घर. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर ई-सायकल वर नेण्याचा विचार सोडून द्या. साधी सायकल पंधरा-सोळा किलोची असते, तीही जिना चढवणं साठीनंतर जिकिरीचं. खाली ठेवायची तर तीन गोष्टी हव्यात: पावसापासून आडोसा, कुलूप अडकवायला पक्का खांब, आणि सहज निघणारी बॅटरी, म्हणजे दोन-तीन किलोचा तो डबा तेवढा घरी नेऊन चार्ज करता येईल. काही मॉडेलमध्ये बॅटरी दांड्याच्या आत बंद असते आणि बाहेर निघतच नाही. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा प्लग नसेल तर असं मॉडेल कितीही देखणं असलं तरी तुमच्यासाठी नाही. सोसायटीच्या जिन्यातल्या प्लगवर चार्जिंग लावलं की पुढच्या सर्वसाधारण सभेचा विषय तयारच.

३. दांडा, सीट आणि जमीन

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. दुकानात नेमकी हीच सगळ्यात घाईत उरकली जाते.

ज्यांनी बावीस-चोवीस इंची काळ्या सायकलवर उमेदवारी केली, त्यांच्या अंगात एक सवय मुरलेली असते. डावा पाय पेडलवर, उजव्या पायाने जमिनीला दोन-तीन रेटे, आणि मागून टांग. ई-सायकलवर ही सवय धोक्याची आहे. पेडल पुढे फिरलं की सेन्सरला वाटतं स्वार बसला, आणि तुमची टांग अर्ध्यावर असतानाच मोटर ओढ घेते. शिवाय साठीनंतर मागून टांग टाकताना कंबर आणि खुबा पूर्वीसारखी साथ देत नाहीत, कॅरिअरवर पिशवी असेल तर पाय तिथेच अडकतो.

म्हणून आडवा दांडा नसलेली फ्रेम घ्या. आपल्याकडे तिला लेडीज सायकल म्हणतात आणि त्या नावापायी बरेच काका ती नाकारतात. युरोपात वयस्कर पुरुष बिनदिक्कत हीच फ्रेम वापरतात. गुडघा थोडासा उचलून पाय पुढूनच पलीकडे ठेवता आला पाहिजे. दांडा तिरपा आहे एवढ्यावर समाधान मानू नका, काही मॉडेलमध्ये तो तिरपा असूनही गुडघ्याच्या वरच राहतो. दुकानात पाच वेळा चढून-उतरून पाहा. पाचव्या वेळीही पाय सहज गेला तर ठीक.

बसायची पद्धत नव्याने घटवा. मोटर बंद किंवा असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मोटर देते त्या मदतीची पातळी, शून्यावर. दोन्ही ब्रेक दाबलेले. सायकल किंचित आपल्याकडे झुकवायची, पाय पलीकडे, दोन्ही पाय जमिनीवर, मग सीटवर. त्यानंतर मोटर चालू. उतरताना हेच उलट, म्हणजे आधी पूर्ण थांबणं, मग असिस्ट शून्य, मग पाय. कंटाळवाणं वाटेल, पण पहिले काही महिने हा क्रम मोडू नका.

सीटच्या उंचीबाबत दोन सल्ले मिळतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गुडघ्यांसाठी सीट उंच हवी: टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हावा. पडण्याच्या भीतीसाठी ती खाली हवी: बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकावेत. माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीला भीती आधी, गुडघे नंतर. पहिले काही आठवडे सीट खाली ठेवा, सपाट रस्त्यावर आणि थोड्या अंतरासाठी. हात बसला की दर आठवड्याला एक-एक सेंटीमीटर वर घ्या. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर बहुधा जास्त वर. म्हणून घेताना पाहायचं ते हे की सीट पुरेशी खालीही येते आणि पुरेशी वरही जाते.

चाकाचा आकार उंचीवर ठरवा. साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची चाकं दिसायला रुबाबदार असतात आणि खड्ड्यांतून बरी जातात, पण सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाला त्या सायकली बहुधा उंच होतात. सव्वीस इंची किंवा त्याहून लहान चाक पाहा. वीस इंची घडीची ई-सायकल अनेकांना भुरळ घालते, कारण ती गाडीच्या डिकीत मावते. पण घडी घातली तरी वजन वीस किलोच्या घरातच राहतं, आणि लहान चाकामुळे हँडल चंचल असतं. नवख्या हातांना खड्ड्यांच्या रस्त्यावर ती पहिली सायकल म्हणून मी सुचवणार नाही.

हँडल उंच आणि आपल्याकडे वळलेलं हवं, पाठ सरळ राहील असं. पुढे वाकून बसावं लागलं की मनगटं आणि मान आधी बोलतात. मानेचा त्रास असणाऱ्यांना मागे वळून बघणंच अवघड जातं, त्यांनी दोन्ही बाजूंना आरसे लावून घ्यावेत. आरसे किरकोळ किमतीचे असतात, पण या वयात त्यांच्याइतकी उपयोगाची दुसरी जोडवस्तू मला माहीत नाही.

वजन जास्त असणाऱ्यांनी माहितीपत्रकातली कमाल भारक्षमता नक्की वाचावी. अनेक सायकलींची मर्यादा शंभर ते एकशेवीस किलोच्या दरम्यान असते, आणि त्यात सामानही धरायचं असतं. नव्वद किलोचा माणूस आणि दहा किलोचं किराणा म्हणजे काही मॉडेलमध्ये मर्यादा गाठलीच. ती ओलांडली तर आधी मागच्या चाकाचे आरे सैल पडतात, तुटतात. भारी स्वारांनी दोन इंच किंवा त्याहून रुंद टायर घ्यावेत आणि हवा दर आठवड्याला तपासावी.

साडी किंवा ओढणी वापरणाऱ्या बायकांनी पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी आहे का ते पाहावं. हल्लीच्या 'स्पोर्टी' ई-सायकलींत दोन्ही नसतात. मडगार्डही बरेचदा नावापुरता असतो. जून ते सप्टेंबर पाठीवर चिखलाची रेघ काढून घ्यायची नसेल तर पूर्ण लांबीचे मडगार्ड वेगळे बसवून घ्या.

४. मोटर कशी मदत करते, हे मोटर किती मोठी यापेक्षा महत्त्वाचं

आपल्या बाजारात तीस ते साठ हजारांच्या पट्ट्यात मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या ई-सायकलींत मोटर मागच्या चाकात असते आणि ती २५० वॉटची असते. तिथे निवडीला फारसा वाव नाही. फरक पडतो तो सेन्सरने.

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या सायकलींत पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. पाय हलके फिरवलेत तरी तो मोटरला ठरावीक जोर द्यायला सांगतो. अशक्त पायांना हे चांगलं, गुडघ्यावर भार येत नाही. तोटा असा की पेडल थोडं फिरल्यावर मोटर एकदम ओढते, आणि पाय थांबवल्यावर बंद व्हायला क्षणभर वेळ घेते. चौकात वळताना किंवा रिक्षाच्या मागे हळूहळू सरकताना ही ओढ दचकवते. महाग सायकलींत तुम्ही पेडलवर किती जोर देता ते मोजणारा सेन्सर असतो. मदत त्या प्रमाणात, मऊपणे मिळते आणि चालवणं साध्या सायकलच्या खूप जवळ जातं. पण त्यात तुम्ही जोर दिल्याशिवाय मोटरही देत नाही.

मग घ्यायचं काय? तोल पक्का असेल आणि गुडघे दुखरे असतील तर पहिला प्रकार चालेल, फक्त असिस्टची सर्वांत खालची पातळी खरोखर सौम्य आहे का ते पाहा. काही सायकलींची पहिली पातळीच हिसका देते. पाय ठीक आहेत पण घाबरायला होतं, अशांनी पैसे परवडत असतील तर दुसऱ्या प्रकारावर घालावेत.

थ्रॉटलबद्दल दुकानदार उत्साहाने सांगतील. अंगठ्याने दाबायचा किंवा मूठ पिळायचा, पेडल न मारता सायकल पळते. वाटेत गुडघा धरला किंवा दम लागला तर घरी पोचायला तो कामाचा आहे, आणि सिग्नल सुटल्यावर डगमगायच्या आत वेग घ्यायलाही. दोन्ही मिळत असतील तर मी अंगठ्याचा निवडेन, कारण पिळायचा थ्रॉटल हँडल घट्ट धरून सायकल ढकलताना नकळत फिरतो. कोणताही असो, सायकल हातात धरून नेताना मोटर बंद. सोसायटीतली लहान मुलं उभ्या सायकलचा थ्रॉटल हमखास दाबून पाहतात, म्हणून किल्लीही काढून घ्यायची.

गिअर असलेलीच घ्या. मोटर आहे म्हणून एकच गिअर पुरतो, असं सांगतात. पण चढावर पाय हलके आणि भराभर फिरावेत म्हणून मागे सहा-सात गिअर हवेतच. जड गिअरवर रेटून पेडल मारणं हे दुखऱ्या गुडघ्यांना सगळ्यात वाईट.

५. बॅटरी: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर

बॅटरीवर दोन आकडे असतात. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-अवर असेल तर गुणाकार २८० वॉट-अवर (बॅटरीत एकूण वीज मावते ती एवढी), ५.८ असेल तर सुमारे २१०, आणि १०.४ असेल तर ३७५ च्या आसपास. खरी तुलना या गुणाकाराचीच करायची, किलोमीटरच्या दाव्यांची नाही. दावे हलका स्वार, सपाट रस्ता आणि सर्वांत कमी असिस्ट धरून केलेले असतात.

पेडल मारत मध्यम असिस्टवर किलोमीटरला साधारण सात ते दहा वॉट-अवर जातात, नुसत्या थ्रॉटलवर चौदा-पंधरा किंवा जास्त. म्हणजे २८० च्या बॅटरीवर पेडलसह तीस-पस्तीस किलोमीटर आणि थ्रॉटलवर वीसच्या आत. बॅटरी जुनी होत जाईल तशी यातही घट होणार. रोजची गरज दहा-बारा किलोमीटरची असेल तर ही बॅटरी पुरून उरते. चढाचा भाग असेल किंवा वजन नव्वदच्या पुढे असेल तर मोठी घ्या. विजेचा खर्च मनावर घेण्यासारखा नाही, २८० ची बॅटरी पूर्ण भरायला एका युनिटचा तिसरा हिस्सा लागतो.

खर्च आहे तो बॅटरी बदलण्याचा. काही वर्षांनी ती बदलावी लागते आणि तिची किंमत सायकलच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास सहज जाते. म्हणून विकत घेतानाच विचारा की सुटी बॅटरी आज केवढ्याला मिळते. "तेव्हाचं तेव्हा बघू" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. हीरो लेक्ट्रो, स्ट्रायडर, पुण्यातलीच ईमोटोरॅड असे ब्रँड मोठ्या शहरांत मिळतात, पण नावापेक्षा तुमच्या घरापासून सर्व्हिस किती लांब हे पाहा. बंद पडलेली पंचवीस किलोची सायकल टेम्पोत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायची हौस कुणालाच नसते.

घरातल्या जुन्या सायकलला मोटरचं किट बसवून घेण्याचा पर्याय स्वस्त दिसतो. दांड्याचे ब्रेक असलेल्या जुन्या सायकलला तर तो नकोच. त्या ब्रेकनी मोटरचा वेग आणि वाढलेलं वजन पावसात आवरत नाही. कुठेतरी जोडून दिलेल्या, नाव-गाव नसलेल्या बॅटरीबद्दलही हेच. हौशी, हात चालणाऱ्या माणसाला दुसरी सायकल म्हणून किट ठीक आहे.

६. ब्रेक

डिस्क ब्रेक घ्या, दोन्ही चाकांना. वायरवर चालणारे स्वस्त असतात आणि कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करतो. तेलाच्या दाबावर चालणारे बोटांना फार हलके लागतात. हाताच्या सांध्यांना सूज असेल, पकड कमी झाली असेल तर जास्तीचे पैसे इथेच घाला. ब्रेकचे लिव्हर बोटांच्या जवळ आणायला बहुतेकांना एक छोटा स्क्रू असतो, तो दुकानातच तुमच्या हाताप्रमाणे बसवून घ्या.

दुकानात एक चाचणी नक्की करायची. दुकानदाराला मागचं चाक उचलून धरायला सांगा, थ्रॉटल द्या, चाक फिरू लागलं की ब्रेक दाबा. मोटर त्याच क्षणी थांबली पाहिजे. मग दुसऱ्या ब्रेकने तेच. यात थोडीही चालढकल दिसली तर ती सायकल घेऊ नका.

७. कायदा, थोडक्यात

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटच्या मर्यादेतली आणि मोटरवर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी ई-सायकल मोटार वाहनात मोडत नाही. लायसन्स, नोंदणी, विमा लागत नाही. कुणी "वेगाचं लॉक काढून देतो" म्हणालं तर नको म्हणा. मग ती मोटार वाहन ठरते आणि अपघात झाल्यास सगळंच अंगाशी येतं. तसंही आपल्या रस्त्यांवर ताशी पंधरा-अठरा हा या वयातला शहाणा वेग आहे.

८. दुकानात चालवून पाहताना

दुकानासमोरच्या पन्नास मीटरवर काही कळत नाही. जवळच्या गल्लीत पंधरा मिनिटं चालवू द्या असं सरळ म्हणा, आणि रोजच्याच कपड्यांत, रोजच्याच चपलांत जा. आधी मोटर बंद ठेवून चालवा. बॅटरी संपल्यावर घरी येता येईल का, ते त्यातून कळतं. मग पहिल्या पातळीवर. हळू वेगात अरुंद वळण घ्या, स्पीडब्रेकर ओलांडा, आणि एखादा छोटा चढ अर्ध्यावर थांबून पुन्हा सुरू करून पाहा. हे शेवटचं जमलं तर बाकी बहुतेक जमतं.

दुकानातून निघायच्या आत सायकल स्टँडवर स्वतः लावा. पंचवीस किलोची सायकल डबल स्टँडवर ओढणं काहींना जमत नाही, एकाच बाजूचा स्टँड मऊ जमिनीत रुततो. रोज करायचं काम आहे, आधीच कळलेलं बरं.

एकूण पैशांतले चार-पाच हजार हेल्मेट, आरसे, कुलूप, पुढचा-मागचा दिवा आणि मजबूत कॅरिअर यांसाठी बाजूला ठेवा. पिशव्या हँडलला लटकवायच्या नाहीत, पुढचं चाक त्यांच्याबरोबर डुलायला लागतं. मागे दोन्ही बाजूंना लावायच्या पिशव्या घ्या.

तोल खरोखरच जात असेल, पार्किन्सनसारखा आजार असेल किंवा आतल्या कानाचा त्रास असेल, तर दोन चाकांचा हट्ट नको. तीनचाकी ई-सायकल मिळते. मोकळ्या कॉलनीत, कॅम्पसमध्ये ती छान चालते. वळणावर मात्र ती झुकत नाही, वेगात वळवली तर बाहेरच्या बाजूला कलंडू शकते, आणि पेठांच्या गर्दीत तिची रुंदी अडचण करते.

९. पहिला महिना

सकाळी लवकर, रिकामं मैदान किंवा रुंद कॉलनीचा रस्ता. सुरुवातीचे काही दिवस फक्त बसणं, निघणं, थांबणं, उतरणं, तेही मोटर बंद ठेवून. त्यानंतर पहिल्या पातळीवर सरळ जाणं आणि दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबणं. डावं-उजवं वळण, एका हाताने इशारा, आरशात पाहणं हे सगळं मैदानातच. रस्त्यावर यायचं ते रविवारी सकाळी, ओळखीच्या वाटेवर.

निघताना असिस्ट कमी, गिअर हलका. चढ दिसला की चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करायचा आणि असिस्ट एक पायरी वाढवायचा, मधोमध नाही. लाल सिग्नल दिसला की थांबायच्या आधीच हलक्या गिअरवर या, नाहीतर निघताना जड पेडलवर रेटावं लागतं. उतारावर मोटरची गरजच नसते. पंचवीस किलोची सायकल उतारावर भराभर वेग घेते, म्हणून ब्रेक आधीपासून थोडे थोडे दाबत या.

१०. देखभाल

चार्जिंग दिवसा, माणसं जागी असताना, मूळ चार्जरनेच. बॅटरी पलंगाशेजारी किंवा बाहेर पडायच्या दाराजवळ चार्जिंगला लावायची नाही. एप्रिल-मे महिन्यात उन्हातून आल्यावर ती आधी गार होऊ द्या. गावाला महिनाभर जाणार असाल तर अर्धी-पाऊण भरलेली ठेवून जा, पूर्ण भरलेली नको आणि रिकामीही नको. फुगली, चिरली, वास आला तर वापर त्याच दिवशी बंद.

पावसात चालवायला हरकत नाही. पण साठलेल्या पाण्यात मागच्या चाकाचा मधला भाग बुडेल इतकं खोल जायचं नाही, आणि धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नाही. ओलं फडकं पुरतं.

पंक्चरसाठी मागचं चाक पाहून कोपऱ्यावरचा पंक्चरवाला कधीकधी हात वर करतो, कारण त्यात मोटर आणि वायर आहे. चाक काढायची गरज बहुधा नसतेच. टायर एका बाजूने उचलून ट्यूब बाहेर काढायची, पॅच मारायचा, परत आत. त्याला हे आधीच विचारून ठेवा आणि चांगला मेकॅनिक सापडला तर त्याचा नंबर फोनमध्ये जपून ठेवा. पहिली सर्व्हिसिंग महिन्याभरातच करून घ्या. नव्या सायकलच्या ब्रेकच्या वायरी ताणल्या जातात आणि मागच्या चाकाचे आरे सैलावतात. ते आवळायला सांगायचं ते स्पष्ट शब्दांत, कारण नुसतं "सर्व्हिसिंग करा" म्हटलं तर धुऊन-पुसून परत मिळते.